आयपॅडवरचं चित्र मोठं प्रिंट करून फ्रेम करायचंय, पहिला प्रयत्न साफ फसलाय

कौलारू
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढायची वेळ आली. बाबांना दिवाळीनंतर पंच्याहत्तर पूर्ण होतायत म्हणून राजापूरजवळच्या आमच्या जुन्या घराचं चित्र आयपॅडवर प्रोक्रिएटमध्ये काढलंय. घर पाडलं तीन पावसाळ्यांपूर्वी, आता फोटोही धड नाहीत. जांभ्याच्या भिंती, कौलं, पुढे खळं, खळ्यात तुळस आणि मागे श्रावणातली भाताची खाचरं. रोज रात्री मुलं झोपली की दिवा मालवून तासभर, असं करत करत दोन महिन्यांत झालं. स्क्रीनवर खाचरांचा हिरवा असा काही पेटलाय की काय सांगू.

तर परवा ठाण्यात एका दुकानातून १२ बाय १८ चा प्रिंट काढला, कारण त्या मापाची तयार फ्रेम घरात पडून होती. घरी येऊन उलगडला आणि रडूच आलं. सगळं चित्र संध्याकाळचे सात वाजल्यासारखं काळवंडलेलं, हिरवा गेलाय शेवाळी, जांभा झालाय चॉकलेटी, आणि वर कौलांचा कोना नि खाली तुळशीवृंदावनाचा पाया चक्क कापला गेलाय. दुकानात विचारलं तर म्हणे मॅडम फाईल १३२ डीपीआय आहे, ३०० करून आणा. घरी येऊन सेटिंगमध्ये १३२ चं ३०० केलं, पण चित्रात काडीचा फरक दिसेना. आता काय करू? भिंतीवर चांगलं मोठं हवंय. आणि फ्रेम जाणार राजापूरलाच, बाबा तिथेच काकांच्या शेजारी राहतात.

अर्धवट
संध्याकाळचे सात वाजलेत तर तुळशीपाशी एक पणती काढा, कुणाला कळणार पण नाही :)

कोरा_कागद
ताई, कॅनव्हास किती पिक्सेलचा आहे ते आधी सांगा. डीपीआय नको, पिक्सेल.

कौलारू
२७३२ बाय २०४८. नवीन कॅनव्हास घेताना सगळ्यात वरचा स्क्रीन साइजवाला पर्याय दाबला होता. पणती काढलेली आहे हो, तीच तर कापली गेली.

कोरा_कागद
मग तिथेच घोळ आहे. मी प्रिंटिंग लॅबमध्ये काम करतो, आठवड्यातून चारदा हेच समजावतो, तेव्हा जरा लांबण लागेल, सहन करा.

डीपीआय, म्हणजे एका इंचात किती ठिपके, हा आकडा म्हणजे डब्यावरची चिठ्ठी, आतले लाडू म्हणजे पिक्सेल. चिठ्ठीवर १३२ खोडून ३०० लिहिलं म्हणून लाडू वाढत नाहीत. तुमच्याकडे आडवे २७३२ लाडू आहेत. १८ इंचाच्या पंगतीत वाढले तर इंचाला साधारण १५२ येतात, २४ इंचाच्या पंगतीत ११४, आणि प्रत्येक इंचाला ३०० च पाहिजेत म्हणाल तर ९ इंचांत डबा रिकामा. आता ३०० चा हट्ट कुठे धरायचा, तर पुस्तक, पत्रिका, हातात धरून बघायच्या गोष्टी. भिंतीवरचं चित्र माणूस चार-पाच फुटांवरून बघतो, तिथे रंगवलेल्या चित्राला १५० ते १८० सुद्धा चालून जातं. फक्त बारीक रेघ आणि अक्षरं फसवतात, ती जवळून मऊ दिसतात.

कापलं का गेलं तेही सांगतो. तुमचं चित्र ४:३, फ्रेम ३:२. १८ इंच रुंदीला तुमच्या चित्राची उंची साडेतेरा व्हायला हवी, फ्रेममध्ये जागा बारा. दीड इंच कुठून तरी जाणारच, पाऊण वरून पाऊण खालून. दुकानातल्या पोऱ्याने फिल टू पेज, म्हणजे कागद पूर्ण भरेल असं मोठं कर, दाबलं असणार. तुम्ही फ्रेम आधी ठरवली आणि चित्र तिच्यात कोंबलं, हे म्हणजे आधी चोळी शिवायची आणि मग माणूस शोधायचा.

पेठेतला_पुणेकर
एवढं लांबण कशाला लावलंय. रंग गेले कारण फाईल आरजीबी आहे, म्हणजे स्क्रीनचे लाल-हिरवा-निळा. छापाईला सीएमवायकेच, म्हणजे निळी-गुलाबी-पिवळी-काळी या चार शायांची फाईल लागते हे शाळकरी पोरालाही माहीत असतं. मी वीस वर्षं ब्रोशर आणि पत्रिकांची कामं करतोय, सरळ सीएमवायके करून द्या, विषय संपला.

कोरा_कागद
काका, पत्रिकेला शंभर टक्के बरोबर. ऑफसेटवर चार शाया, चार प्लेटा, तिथे सीएमवायकेच. पण ताईंना एकच प्रत हवीय, आणि ती चांगल्या लॅबमध्ये पिगमेंट इंकजेटवर (रंगाचे बारीक कण असलेली शाई) निघते, त्या मशीनमध्ये दहा-बारा शाया असतात. तिथे तुम्ही फाईल आधीच सीएमवायके करून दिलीत तर चार शायांच्या मापात रंग कापून टाकलेत, मशीनला जास्तीचे रंग येत असूनही ते परत आणता येत नाहीत. म्हणून इंकजेटला आरजीबीच द्यायची आणि प्रोफाइल, म्हणजे फाईलमधला कुठला आकडा नेमका कुठला रंग हे सांगणारी माहिती, आतच ठेवायचं, बाकीचं भाषांतर मशीनचं सॉफ्टवेअर करतं. लॅबला फोन करून विचारायचं, तुम्हाला काय हवं. जे म्हणतील ते.

पेठेतला_पुणेकर
बरं. इंकजेटचं मला ठाऊक नव्हतं. पण मग ज्या दुकानात पत्रिका छापतात तिथे चित्र न्यायचंच कशाला, हा माझा मुद्दा उरतोच.

एडिसनचा_नाना
इकडे न्यूजर्सीत त्याच इंकजेट प्रिंटला झिक्ले म्हणतात आणि किंमत तिप्पट लावतात. गिक्ले नाही हो, झिक्ले. १९९१ मध्ये कॅलिफोर्नियातल्या नॅश एडिशन्समध्ये काम करणाऱ्या जॅक डुगान या प्रिंटमेकरने हा शब्द काढला, कारण इंकजेट म्हटलं की लोकांना ऑफिसातला प्रिंटर आठवायचा. फ्रेंच शब्दाचा अर्थ पिचकारी मारणं, फवारणं असाच काहीसा आहे. तेव्हा कुणी झिक्ले झिक्ले करायला लागलं की दडपून जायचं नाही, शाई पिगमेंट आहे का आणि कागद कॉटनचा आहे का एवढंच विचारायचं.

कौलारू
कोरा_कागद, चोळीचं उदाहरण झोंबलं पण समजलं. आता काळं का आलं ते सांगा ना. लॅब बदलली तरी हेच होणार नाही कशावरून?

कोरा_कागद
होणारच. कारण त्यातला निम्मा दोष दुकानाचा नाहीये. तुम्हीच लिहिलंय बघा, रात्री दिवा मालवून. अंधाऱ्या खोलीत मंद स्क्रीनसुद्धा लख्ख वाटते, मग डोळा म्हणतो अजून गडद कर, अजून गडद कर, आणि सावल्या दाबल्या जातात. स्क्रीन स्वतः उजेड टाकते, कागद शेजाऱ्याकडून उसना घेतो. ज्या खोलीत तो टांगला जाईल तिथला उजेड तेवढीच त्याची कमाई.

दुसरं, रात्री नाइट शिफ्ट आपोआप चालू होत असेल तर बघा. स्क्रीन पिवळसर होते, म्हणून जांभ्याचा तांबडा जास्तच भगवा दिसतो आणि आपण नकळत त्यात निळा ढकलतो. सकाळी तो चॉकलेटी. ट्रू टोन पण बंद करा, तेही खोलीतल्या उजेडाप्रमाणे स्क्रीनचा रंग बदलतं.

तिसरं, प्रोक्रिएटचा कॅनव्हास बहुतेक डिस्प्ले पी३ या रुंद रंगपट्ट्यात असणार. त्यात हिरवा आणि तांबडा एसआरजीबी या नेहमीच्या रंगपट्ट्यापेक्षा बराच लांब जातो. दुकानातलं सॉफ्टवेअर प्रोफाइल न वाचता फाईल एसआरजीबी समजून छापतं, आणि मग सगळंच धुतल्यासारखं फिकं पडतं. फाईल एसआरजीबीत कन्व्हर्ट करून द्या. असाइन नाही हं, कन्व्हर्ट. असाइन म्हणजे नुसती चिठ्ठी बदलणं, परत तोच लाडवाचा डबा.

आणि चौथं जरा कडू आहे. तो पेटलेला हिरवा कागदावर येणारच नाही. कुठल्याच कागदावर. गुलालाचा गुलाबी, मोरपिशीतला तो चमकता निळा आणि हा तुमचा कोवळ्या भाताचा हिरवा, हे शाईच्या आवाक्याबाहेरचे रंग. लॅपटॉपवर क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, त्यात सॉफ्ट प्रूफिंग (छापल्यावर कसं दिसेल याचा स्क्रीनवरच अंदाज) चालू केलं आणि आउट ऑफ गॅमट वॉर्निंग लावली की जे जे छापता येणार नाही ते वेगळ्याच रंगात उठून दिसतं. त्या कागदावर त्या मशीनचे रंग कसे उतरतात ते सांगणारी आयसीसी प्रोफाइल फाईल लॅबकडून मागून घ्या म्हणजे अंदाज आणखी जवळ जाईल.

कौलारू
नाइट शिफ्ट चालू होतं. दोन महिने. बोलू नका माझ्याशी कुणी.

सातारी_कंदी
ताई, मी पण डिजिटलच करते, थोडं माझं सांगते. मोठं करायचं असेल तर आधी फाईलची डुप्लिकेट करा (मी केली नव्हती, बसले बोंबलत) आणि डुप्लिकेटचा कॅनव्हास दुप्पट करा, म्हणजे ५४६४ बाय ४०९६. आयपॅड लेयर कमी देईल तेव्हा आधी पाच-सहा ग्रुप सपाट करून घ्या. दुप्पट केल्यावर चित्र मऊ दिसेल, पण मोठे रंगाचे भाग तसेच ठेवायचे, फक्त नजर जिथे जाते तिथे नवीन लेयर घेऊन परत हात फिरवायचा. कौलांच्या कडा, दाराची कडी, तुळशीची पानं. तासा-दोन तासांचं काम आहे आणि चित्र परत ताठ उभं राहतं. नाव-तारीख लिहिली असेल तर ती पण परत लिहा.

फाईल व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो म्हणून पाठवू नका, पार चेंदामेंदा करतं ते. ड्राइव्हवर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह घेऊन जा. टिफ किंवा पीएनजी.

कोरा_कागद
बरोब्बर. आणि माप १६ बाय १२ इंच घ्या, तेच ४:३ आहे. दुप्पट केलेली फाईल त्या मापाला इंचाला ३४१ देते, पण खरं रिझोल्यूशन तुम्ही हाताने परत काढलेल्या जागीच आलेलं असतं हे लक्षात असू द्या. कागद १८ बाय १४ चा, चारी बाजूंनी एक इंच कोरा. माउंटला, म्हणजे चित्राभोवतीच्या पुठ्ठ्याच्या चौकटीला, पकडायला तो कोरा भाग मिळतो, चित्र झाकलं जात नाही.

पूर्ण प्रिंटच्या आधी टेस्ट स्ट्रिप काढा, हे मात्र ऐकाच. त्याच कागदावर, चित्राचा एकच महत्त्वाचा तुकडा, त्यात खाचर, भिंत आणि सावली तिन्ही यायला हवं. तोच तुकडा तीनदा छापायचा, एक आहे तसा, एक थोडा उजळ, एक आणखी उजळ. खाली पेन्सिलने नंबर. ती पट्टी दिवसा खिडकीपाशी बघा, रात्री ट्यूबलाइटखाली बघा, ओल्या शाईवर निर्णय घेऊ नका, एक दिवस जाऊ द्या.

एडिसनचा_नाना
कागदाचं कुणी बोललंच नाही. हानेम्यूल ही जर्मन गिरणी १५८४ पासून कागद करतेय, तिचा फोटो रॅग ३०८ ग्रॅमचा, पूर्ण कॉटनचा, मॅट. हाताला जाडजूड गोधडीसारखा लागतो. मॅटवर काळा थोडा राखाडी पडतो, पण अशा चित्राला चकचकीत कागद नकोच, काचेआड दोन-दोन चकाकी होतात. फार पांढराशुभ्र कागदही टाळा, त्यात निळसर चमक आणणारी पावडर असते, काही वर्षांनी तिचा जोर ओसरला की कागद पिवळट दिसायला लागतो.

कौलारू
अपडेट देते, आठ दिवस गेले.

क्रिटात उघडलं, वॉर्निंग लावली, सगळी खाचरं करड्या डागांनी भरली. सगळीच्या सगळी. जरा वेळ तशीच बसून राहिले. मग दुसऱ्या लॅबमध्ये टेस्ट स्ट्रिप काढली, पट्टी आणून स्वयंपाकघरात फ्रिजवर चिकटवली. सकाळी चहा करताना बघायची, रात्री ओटा पुसताना बघायची. सकाळी दोन नंबर बरा वाटायचा, रात्री तीन नंबर. राजापूरच्या घरात बाहेरच्या खोलीत दिवसासुद्धा अंधारच असतो, म्हणून तीन नंबर धरला.

पण हिरवा काही जमेना. उजळ केला तर पोपटी, गडद केला तर शेवाळ. तीन रात्री नुसता त्या हिरव्याशीच झगडत होते (दिवा लावून!). मग एकदा सहज मागचा डोंगर आणि खळ्याची जमीन जरा करड्याकडे नेली, त्यातला हिरवटपणा काढून टाकला, आणि भिंतीतला जांभा थोडा लालसर केला. हिरव्याला हातसुद्धा लावला नाही. दुसरी पट्टी काढली तर खाचरं पेटली की हो! तोच हिरवा. आजूबाजूचे सगळे थोडेथोडे हिरवे होते म्हणून तो दबला होता.

सातारी_कंदी
क्या बात है. आम्हाला कॉलेजात सर पोस्टर कलरच्या वेळी बोंबलून सांगायचे, पांढरा जास्त पांढरा होत नाही, शेजारचा काळा कर. स्क्रीनवर स्लायडर ओढायची सवय लागली की हे सगळं विसरायला होतं.

कौलारू
मोठा प्रिंट आला, कॉटन कागदावर, १६ बाय १२. मी खूश. आता फ्रेम. इथला एक फ्रेमवाला म्हणाला मागून पूर्ण गोंद लावून बोर्डावर चिकटवून देतो, एकदम सपाट बसेल, आयुष्यभर हलणार नाही. करू का?

पट्टी_आणि_काच
नका! नका! नका! थांबा, दुकान बंद करून सविस्तर लिहिते.

पट्टी_आणि_काच
हं, आता बोला. आमचं कोल्हापुरात फ्रेमिंगचं दुकान, आजोबांपासून. देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो, आता डिजिटल चित्रंही येतात.

कागद हवेतला ओलावा घेतो आणि सोडतो, म्हणजे पावसाळ्यात फुगतो आणि उन्हाळ्यात आक्रसतो. पूर्ण चिकटवला तर त्याला हलता येत नाही, मग लाटा येतात नाहीतर गोंदाचे फोड येतात, आणि एकदा चिकटलेला प्रिंट परत सोडवता येत नाही. राजापूरच्या पावसात तर बघायलाच नको. प्रिंट फक्त वरच्या कडेला दोन ठिकाणी अडकवायचा, बिजागरीसारखा, बाकी खाली मोकळा लोंबू द्यायचा. त्यासाठी पातळ जपानी कागद आणि गव्हाच्या सत्त्वाची खळ वापरतात, नाहीतर ॲसिड फ्री टेप मिळते. सेलोटेप अजिबात नाही, तिचा डिंक पिवळा होऊन कागदात उतरतो.

माउंट लावाच. तो नुसता शोभेला नसतो, त्याच्या जाडीमुळे कागद काचेला टेकत नाही. टेकला तर दमट हवेत शाई काचेला धरते आणि मधे पाणी साचलं की बुरशी. माउंट बोर्ड ॲसिड फ्री मागा. साध्या बोर्डाची ओळख सांगते, आतली तिरकी कापलेली कड दोन-चार वर्षांत तपकिरी होते, चित्राभोवती चहाची रेघ ओढल्यासारखी दिसते. तुमच्या १६ बाय १२ ला तीन बाजूंनी तीन इंच ठेवा, खालून साडेतीन. सारखं ठेवलं तर चित्र खाली घसरल्यासारखं वाटतं. म्हणजे बाहेरचं माप २२ बाय साडेअठरा, त्या मापाची तयार फ्रेम मिळणार नाही, पट्टी कापूनच घ्यावी लागेल.

आमच्याकडे जुन्या घरांतून रविवर्मा प्रेसची चित्रं येतात परत बांधायला. तो छापखाना १८९४ मध्ये मुंबईत निघाला, पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. दगडावरची छपाई, एकेका रंगाला वेगळा दगड. बाबांनी एकदा एका लक्ष्मीची पाठ उघडली तर मागे नुसती लाकडी फळी, आणि त्या फळीच्या रेषा, गाठीसकट, कागदाच्या पाठीवर तपकिरी उमटलेल्या. रंग समोरून शाबूत, मागून फळी कागद खात होती. तेव्हापासून बाबा लाकूड आणि चित्र यांच्यामध्ये ॲसिड फ्री बोर्ड घातल्याशिवाय फ्रेम बंदच करत नाहीत, गिऱ्हाईक नको म्हणालं तरी.

अर्धवट
हे वाचून उठलो आणि आमच्या आजीच्या फोटोची पाठ उघडली. मागे १९८७ च्या कॅलेंडरचा पुठ्ठा आहे आणि दोन कसरी पळाल्या.

कौलारू
काच की अ‍ॅक्रिलिक? रातराणीने नेणार आहे, एसटीने.

पट्टी_आणि_काच
मग अ‍ॅक्रिलिक. वजनाला हलकं आणि फुटलं तर चित्र फाडत नाही. फक्त कोरड्या फडक्याने खसाखसा पुसू नका, ओरखडे पडतात आणि धूळ उलटी ओढून घेतं. मऊ फडकं थोडं ओलं करून, आणि फवारा थेट फ्रेमवर कधीच नाही, पाणी पट्टीच्या खाचेतून आत झिरपतं.

घरी गेल्यावर मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना रबराचे छोटे तुकडे चिकटवा म्हणजे भिंत आणि फ्रेममध्ये हवा खेळती राहील. पावसाचा मारा लागणारी बाहेरची भिंत नको, देवघराच्या शेजारी नको (धूर), आणि पश्चिमेचं ऊन समोरून येतं तिथे तर नकोच.

पेठेतला_पुणेकर
मला हा धागा आवडला असं लिहायला आलोय. वीस वर्षांत टेस्ट स्ट्रिप फ्रिजवर लावलेली ऐकली नव्हती.

कौलारू
पोचले, टांगलं, परत आले. बाबांनी चष्मा लावून पाच मिनिटं बघितलं. मग म्हणाले, पायरीचा तिसरा चिरा तुटका होता तो बरोबर काढलायस, पण विहिरीचा रहाट उजवीकडे होता. काका म्हणाले डावीकडे. त्यावरून दोघांची जुंपली ती जेवणापर्यंत चालली, रंगाबद्दल कुणी एक अक्षर बोललं नाही.

जागा मात्र फसली. बाबांना झोपाळ्यावरून दिसायला हवं म्हणून समोरच्या भिंतीवरच हवं होतं, आणि तिथे साडेचारनंतर थोडं ऊन येतंच. सांगून ऐकत नाहीत.

कोरा_कागद
पिगमेंट शाई आहे, लगेच उडणार नाही, पण ऊन म्हणजे ऊन. पडदा लावता येतो का बघा. आणि टेस्ट स्ट्रिपचे उरलेले तुकडे असतील तर एक त्याच भिंतीवर फ्रेमच्या बाजूला लावा, अर्धा भाग जाड पुठ्ठ्याने झाकून. वर्षाने पुठ्ठा काढून दोन्ही अर्धे शेजारी बघायचे, किती उतरलं ते कळेल, मग बाबांशी भांडायला पुरावा पण होईल. फाईल तर तुमच्याकडे आहेच.

कौलारू
पट्टीचा एक नंबर उरला होता, तो काकांच्या मुलाकडे देऊन ठेवलाय, तो आज लावतोय. मागे तारीख लिहायला सांगितलीय. फाईल तीन ठिकाणी ठेवली आहे, आणि हो, एका कॉपीत रहाट उजवीकडे केलाय.